आवाजाचं मशीन घेऊन पेडण्याला

गोव्याला जाणारी माणसं टोपी, गॉगल आणि पोहण्याचे कपडे नेतात. मी पैंजण धुण्याचं मशीन नेलं. स्टीलचं, झाकणाचं, उचलताना कमरेला वय आठवेल इतक्या वजनाचं. जुन्या चादरीत गुंडाळून ते मांडीवर धरलं होतं, आणि कुणी विचारलंच तर 'देवाचं आहे' म्हणायचं ठरवलं होतं. देवाच्या गाठोड्यावर बसमध्ये कुणी पाय ठेवत नाही.

का नेलं, ते आधी सांगते.

माझं गाव हुपरी. आमच्याकडे चांदीचे पैंजण करतात. नवरा बाहेरगावची गिऱ्हाइकं बघतो आणि कारखाना मी बघते. पॉलिश झालेल्या पैंजणाच्या कड्याकड्यांत काळं अडकून बसतं. पूर्वी ते रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासून काढावं लागे, बायकांची बोटं सोलून निघत. आठ वर्षांपूर्वी मी हे मशीन घेतलं. त्यातल्या पाण्यात कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतात. त्यानं पाण्यात बारीक बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि फुटताना कानाकोपऱ्यातली घाण ओढून काढतात. त्या आवाजाला अल्ट्रासाउंड म्हणतात. तेव्हापासून कुणी अल्ट्रासाउंड हा शब्द उच्चारला की ह्यांनी आधी मला विचारायला हवं होतं, असं मला वाटू लागलं.

अशात एका रविवारी पेपरात बातमी आली. प्रयोगशाळेत अल्ट्रासाउंड वापरून कॅन्सरच्या पेशींचा पसरण्याचा वेग कमी करता आला, अशी. वीतभर बातमी. मी ती दोनदा वाचली आणि लगेच पेडण्याला माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला, फोन लावला.

शालूच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. तपासणी झाली होती, गाठ वाईट आहे हे कळलं होतं, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. आमची आई लवकर गेली, तेव्हा शालूची शाळा कुठली, साडी कुठली, नवरा कुठला, सगळं मीच ठरवलं. ती 'बरं अक्का' म्हणत गेली. त्यातलं बहुतेक बरंच निघालं आणि त्यानं मी फार बिघडले. फोनवर मी तिला बातमी वाचून दाखवली आणि म्हटलं, "कापाकापीची घाई करू नको. हे आवाजाचं मला माहीत आहे. मी येते, मग बघू."

"बरं अक्का," शालू म्हणाली.

कारखान्यातली एक ऑर्डर संपवून निघायला मला दोन आठवडे लागले. मशीन सोबत एवढ्यासाठी घेतलं की तिच्या सासरी कुणी शंका काढली, तर समोर दाखवता यावं.

तुये, सोमवार

बसस्टँडवर शालूचा नवरा, अनंतराव, स्कूटर घेऊन आले होते. ते पेडणे तालुक्यातल्याच तुयेच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. घराणं मात्र पेडण्याचंच, पिढ्यान् पिढ्या शेती करणारं. आमच्या हुपरीची मुलगी इथे कशी पडली, असं लोक विचारतात. ह्या वसाहतीत आमच्याकडची बरीच माणसं कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोल्यांवरून गेलं तर तांबड्या रश्श्याचा वास येतो आणि कागलच्या बाजारात उभं असल्यासारखं मराठी कानावर पडतं. त्यांच्यातल्याच एकानं अनंतरावांचं स्थळ आणलं होतं.

अनंतरावांनी चादरीतलं गाठोडं उचलून पाहिलं. "अक्कानू, ह्या काय हाडलात?"

मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. त्यांनी ते पायांशी ठेवलं आणि रस्ताभर दोन्ही पाय बाहेर काढून स्कूटर चालवली. मीही देवाचं आहे असं काही बोलले नव्हते, पण माणूस सावध.

घर चिऱ्यांचं, पुढे माडांची रांग, मागे काजूची चढण. काजूला मोहोर होता. पायरीवरच शालूच्या सासूबाई बसल्या होत्या. सगळा वाडा त्यांना आये म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला, कदेल पुढे केली, म्हणजे खुर्ची, आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. ते बघणं मला जरा लांबल्यासारखं वाटलं. प्रवासानं केस विस्कटले असतील म्हणून मी ते सारखे केले.

शालू बारीक झाली होती. ते मी बोलले नाही. तिनं रात्रीच्या जेवणाला बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, केलं होतं, आणि उकड्या तांदळाचा भात. भाकरीच्या मुलखातल्या माणसाला भातावर रात्र काढणं जड जातं. मी दुसऱ्या दिवशीच्या पावावर भरवसा ठेवून झोपले. सकाळी पाववाला पोदेर सायकलवर हॉर्न वाजवत आला. त्याच्याकडचे बांगडीसारखे गोल, कडक काकण मी चार खाल्ले. आये म्हणाल्या, दात चांगले आहेत तुझे. त्यात कौतुक किती होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

तुये, मंगळवार

न्याहारी झाल्यावर मी अंगणात मेज मांडायला सांगितलं, मशीन ठेवलं, आतून वायर घेतली, पाणी भरलं, त्यात साबण टाकला. शालूचे लग्नातले पैंजण काळे पडले होते, ते आत सोडले. शेजारच्या चार-पाच बायका आपोआप जमल्या. मी आमच्या कारखान्यात नवीन बाई आली की जे भाषण करते तेच केलं, फक्त शेवटी बातमीची भर घातली. ऐकू न येणारा आवाज, बारीक बुडबुडे, जिथे बोट पोचत नाही तिथे पोचणारी ताकद. चांदीवर चालतं, तर शरीरातल्या पेशींवर का नाही?

पाच मिनिटांनी पैंजण बाहेर काढले तर पाणी शाईसारखं आणि पैंजण पांढरेशुभ्र. बायका पुढे सरकल्या. कुणी समईचा वरचा भाग आणला, कुणी पोराची चांदीची वाटी. मी सगळं धुऊन दिलं. एका शेजारणीनं कानातले झुबे आणले. खडे आहेत, चिकटवलेले आहेत, ते ह्यात घालायचे नसतात हे मला पक्कं ठाऊक आहे. कारखान्यात तशी पाटी मीच लावली आहे. पण भाषण रंगात आलं होतं. झुबे बाहेर आले तेव्हा सोन्याचा मुलामा लखलखत होता आणि आठपैकी सहा खडे तळाशी पडले होते.

त्या बिचारीनं खडे वेचून पदरात बांधले आणि ती गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या.

जेवायला बसलो तेव्हा मी शालूला म्हटलं, आता डॉक्टरांकडे जाऊन आपण विचारू, ऑपरेशनची तारीख मिळायच्या आत.

अनंतराव ताटाकडे बघत राहिले. आये आमटी वाढत होत्या, त्यांच्या हातातली कुलेर, म्हणजे चमचा, तशीच थांबली.

"तारीख गेली," आये म्हणाल्या. "गेल्या गुरवाराची होती."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा शालू घाबरलेली होती, म्हणून आये तिला रवळनाथाच्या देवळात घेऊन गेल्या. इथे मोठ्या गोष्टीला देवाचा कौल घेतात. गुरव पिटकोळीच्या लाल कळ्या ओल्या करून देवाच्या अंगावर लावतो, प्रश्न सांगतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. ऑपरेशन करू का, असं विचारलं होतं. उजवी पडली, तीही लगेच. शालूचं मन घट्ट झालं. पिशवी भरली. आणि मग माझा फोन आला.

"देवान उजवो दिल्यान," आये म्हणाल्या, "आनी अक्कान डावो. हिणा कोणाचा आयकल्यान? अक्काचा."

मी आयुष्यात कौल लावला नाही. असल्या गोष्टींवर मी हसते. आणि इथे एक देव डॉक्टरांच्या बाजूनं उभा होता, आणि मी, पेपर वाचणारी, त्याच्या विरुद्ध.

मी शालूला म्हटलं, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, मी सांगितलेलं विसर. पण ती 'बरं अक्का' म्हणाली नाही. तिनं विचारलं, "मग बातमी खोटी होती?"

"नाही. खरी होती."

"मग आता काय बदललं? तारीख गेली एवढंच ना? थांबू या की अजून. आवाजानं थांबणार असेल तर मला ते कापणं नको."

मी तिला घाबरू नको म्हणायला आले होते आणि तिच्या भीतीला मीच पेपरातून जागा करून दिली होती. अनंतरावांनीच वाट काढली. कारापूरला त्यांच्या चुलतभावाची मुलगी वैदेही रजेवर आली आहे. ती बेंगळूरला प्रयोगशाळेत पेशींवरच काम करते. तिच्याकडे जाऊन विचारू.

कारापूर, बुधवार, पण आधी पाळी

अनंतरावांना सुट्टी नव्हती, म्हणून शालू आणि मी दोघीच निघालो. म्हापसा, डिचोली आणि मग साखळीच्या बाजूची बस. डिचोलीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या बसमध्ये मी शालूला समजावत होते, ती जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बाहेर बघत होती. कंडक्टर 'कारापूर' ओरडला तेव्हा ती उठायला लागली. मी तिला खाली बसवलं. कारापूरला मोठं तळं असणार, अशी माझी कल्पना होती, आणि तळं काही दिसलं नव्हतं. कल्पना कुठून आली ते सांगता येत नाही.

साखळीही गेली. रस्ता लाल व्हायला लागला. झाडांची पानं लाल, घरांची कौलं लाल, दुकानाच्या पाट्या लाल. खनिजाच्या मुलखात शिरलो होतो. शेवटी बस पाळीला थांबली.

"अक्का, हे कारापूर आहे का?" शालूनं विचारलं. तिला ठाऊक होतं.

पाळीला आम्ही तासभर उलट बसची वाट पाहिली. चहाच्या टपरीवरच्या बाईनं आमच्यासाठी बाक पुसलं, तरी माझ्या पांढऱ्या साडीला मागे कायमची लाली आली; तीन धुण्यांनंतरही आहे. पातळ भाजी आणि पाव खाल्ला. बाई म्हणाली, खाण चालू होती तेव्हा इथे ट्रकांची अशी रांग लागायची की रस्ता ओलांडायला दुपार व्हायची. बंद पडली तेव्हा साहेब म्हणाले, थोडे दिवस थांबा. माणसं थांबली. कुणी दोन वर्षं थांबलं, कुणी चार. तिच्या नवऱ्यानं मात्र दुसऱ्याच महिन्यात ट्रक विकून ही टपरी टाकली. ती हे भाजी ढवळत सांगत होती, कुणाला शिकवण्यासाठी नाही. शालू मात्र ऐकत होती.

वैदेहीचं घर कारापूरला रस्त्यालगतच होतं. तळं नव्हतं. तिच्या आईनं आम्हाला मणगणं दिलं, हरभऱ्याची डाळ, गूळ आणि नारळाच्या दुधाचं. आमच्या पुरणाच्या जवळचं, पण आमचं पुरण पोटात बसून राहतं आणि हे अलगद जातं. मी दोनदा घेतलं आणि मग कात्रण काढलं.

वैदेही तिशीची, केस कापलेली, पायावर पाय घेऊन जमिनीवर बसलेली. तिनं कात्रण वाचलं आणि म्हणाली, "हो, असं होतं. आमच्याकडेही करतात."

मी शालूकडे विजयानं पाहिलं. तो विजय अर्ध्या मिनिटाचा होता.

वैदेहीनं फोनवर एक व्हिडिओ लावला. करड्या रंगाचे चपटे ठिपके, काचेच्या बशीत वाढवलेले. आधी स्थिर वाटले. मग एकेकाची कड पुढे सरकू लागली, मागचा भाग ओढला जाऊ लागला. पाय नाहीत, तरी चालत होते. शालू पुढे वाकली.

"हे माझ्यात आहेत?"

"हेच नाहीत. पण ह्याच जातीचे."

"म्हणजे ते चालतात."

"हो. सगळे नाही, पण काही चालतात. म्हणून तर गाठ एका जागी असताना काढायची असते."

शालूनं फोन हातात घेतला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग वैदेहीनं दुसरा लावला. त्यात बशीला बाहेरून आवाज दिला होता आणि ठिपके खरोखरच हळू झाले होते. मी म्हटलं, बघ. वैदेहीनं मला हातानं थांबवलं, आदरानंच, पण थांबवलं.

"मावशी, हे बशीत आहे. बशीला रक्त नाही, हाडं नाहीत, फुप्फुसं नाहीत. इथे आवाज किती जोराचा, किती वेळ, किती कंपनांचा, हे आम्ही ठरवतो. थोडं इकडेतिकडे झालं तर काही पेशी उलट जास्त सरकतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही."

शालूनं विचारलं, माणसांसाठी हे कधी होईल? वैदेही म्हणाली, माहीत नाही. पाच वर्षांत? माहीत नाही. माझ्यासारख्या बाईवर चालेल का? माहीत नाही. मी मोजत होते. इतक्या सहज ते दोन शब्द बोलणारं शिकलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. आमच्या कारखान्यात मला ते परवडत नाहीत, असं मी समजत आले आहे.

मी तिला पैंजणाच्या मशीनचं सांगितलं, झुब्यांचंही सांगितलं. कालची गोष्ट होती, लपवून काय करणार. ती हसली. "चांदीचा मळ गेला आणि त्याच आवाजानं खडे निघाले. मावशी, तुम्ही अर्धा प्रयोग अंगणात केलात की. आमचं सगळं काम तेवढंच आहे, कुठला आवाज कशाला लागू पडतो आणि कशाची वाट लावतो ते शोधायचं."

मग ती शालूकडे वळली आणि तिच्या आवाजातली गंमत गेली.

"काकी, मी चार वर्षं ह्यावर बसले आहे. माझा विश्वास आहे ह्याच्यावर, नाहीतर बसले नसते. आणि माझ्या आईला अशी गाठ आली असती तर मी तिला उद्या सकाळी ऑपरेशनला नेलं असतं."

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "न्हेतली गो ती. म्हाका इचारची लेगीत ना." विचारणारसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये शालू पुन्हा जनेलाशी बसली. डिचोली गेल्यावर फक्त एकदा म्हणाली, "ते ठिपके सतरा दिवस चालत असतील, अक्का. तुझा फोन आल्यापासून." तिनं दिवस मोजले होते. रागानं म्हटलं नव्हतं.

रवळनाथाचं देऊळ, गुरुवार

शालू ऑपरेशनला तयार झाली. अनंतरावांनी हॉस्पिटलात फोन केला, शुक्रवारी येऊन भेटा, असं उत्तर आलं. मला वाटलं, माझं काम संपलं. आयेंना तसं वाटत नव्हतं. देवानं दिलेला कौल मोडला होता. गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला झालं ते सांगून, चूक कबूल केल्याशिवाय घरातून निघायचं नाही.

मी म्हटलं, मी ह्यातली नाही.

"तुका कोण घेता ह्यात," आये म्हणाल्या. "तू नुसती उभी रव. चुकी तुजी, गाऱ्हाणा आमचा."

शालू म्हणाली, "मला पाहिजे, अक्का. आत जाताना मनात काही नको." मी चपला पायात घातल्या.

गावातर्फे देवाशी बोलण्याचा मान एका घराण्याकडे असतो, त्या माणसाला घाडी म्हणतात. इथला घाडी सकाळची पाळी संपवून, कारखान्याचा शर्ट बदलून आला. मी त्याला जरा बाजूला घेऊन म्हटलं, गाऱ्हाणं नको, हवं तर पुन्हा कौल लावा, पुन्हा विचारू. मला वाटलं होतं मी सवलत देते आहे.

तो माझ्याकडे बघत राहिला. "देवान एकदा सांगितल्यान. तोच सवाल परत परत इचारूक तो काय चौकशीची खिडकी न्हय."

हे मी आमच्या गिऱ्हाइकांना किती वेळा सांगते.

मग मी हात जोडून उभी राहिले. शालू, आये, अनंतराव आणि देवळातली पाच-सात माणसं माझ्या मागे. घाडीनं नारळ पुढे धरला आणि एका दमात सुरुवात केली. घाडी एक वाक्य बोलतो आणि मागचे सगळे एका आवाजात दुजोरा देतात, ही पद्धत. मला ती ठाऊक नव्हती.

"हे देवा म्हाराजा, तुज्या लेकराची, ह्या शालनाची, थोरली भैण घाटावयल्यान इली हा."

"व्हय म्हाराजा."

"बायल शाणी हा, पण पेपर वाचून तिका वाटला आपणाक सगळा कळता."

"व्हय म्हाराजा."

"तू उजवो कौल दिलंस, तो हिच्या फोनान मोडलो."

"व्हय म्हाराजा."

"आता ती चुकलंय म्हणता. तिची चूक पोटात घाल, आनी ह्या लेकराक सुखरूप घराक हाड."

"व्हय म्हाराजा."

माझ्या नवऱ्याला, सासूला, बारा कामगार बायकांना पंचवीस वर्षांत जे जमलं नाही, ते ह्या माणसानं चार वाक्यांत केलं, आणि तेही साक्षीदारांसमोर. मान खाली होती म्हणून चेहरा दिसला नसेल. दुसऱ्या 'व्हय म्हाराजा'ला मात्र एक आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा होता. मी हळूच वळून पाहिलं. शालू होती.

बाहेर आल्यावर घाडीनं मला नारळाचा तुकडा दिला आणि विचारलं, हुपरीचे पैंजण इथे म्हापशाला कुठे मिळतात. बायकोला हवे आहेत. म्हणजे चूक पोटात घातली गेली होती.

मोठं हॉस्पिटल, शुक्रवार

ह्या भागाबद्दल थोडकंच लिहिते. आम्ही सकाळी लवकर पोचलो, तरी पुढे रांग होती. रांगेत पेडण्याचे, डिचोलीचे, सत्तरीचे, कारवारकडचे सगळे. काणकोणची एक बाई माझ्याशी कोकणीत बोलत होती, मी मराठीत, आणि दोघींना जे कळायचं ते कळत होतं.

शालूची पाळी आली. डॉक्टर बाई तरुण होत्या. फाइल उघडली आणि एका पानावर थांबल्या.

"तारीख दिली होती. आला नाहीत. का?"

शालूनं माझ्याकडे बघितलं नाही. "घरात जरा अडचण होती, डॉक्टर."

डॉक्टर तेवढंच लिहायला लागल्या. ते तसंच कागदावर गेलं असतं आणि मी सुटले असते. पण कालच्या चार 'व्हय म्हाराजा' अजून अंगावर होत्या.

"अडचण म्हणजे मी," मी म्हटलं. "थोरली बहीण. पेपरात वाचून मी तिला थांबवलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी ऐकून घ्यायची तयारी केली. त्या रागावल्या नाहीत. मी विचारलं, ह्या दिवसांत किती नुकसान झालं असेल? त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय सांगणार नाही, आणि तपासूनही कदाचित सांगता येणार नाही. मग उठून तपासणीच्या टेबलाभोवतीचा पडदा ओढताना म्हणाल्या, "पेशंटनं आत यावं. अडचणीनं बाहेर बसावं."

शालू हसली. टेबलावर चढता चढता, हात छातीवर धरून हसली.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी झालं. मी पंधरा दिवस राहिले. पुढची औषधं सुरू आहेत, त्यानं तिला दोन दोन दिवस जेवण जात नाही. गेलेल्या दिवसांनी काय नेलं, ते अजून कुणालाही सांगता आलेलं नाही, आणि कधी सांगता येईल असं वाटत नाही. मशीन मी येताना बसमध्ये पुन्हा मांडीवर घेतलं.

पण त्या शुक्रवारी मी पडद्याबाहेर, मग दाराबाहेर, मग बाकावर जाऊन बसले. शेजारी चाळिशीची एक बाई होती, मांडीवर तशीच फाइल. तिनं माझ्याकडे वयानं, साडीनं, काय असेल त्यानं विश्वासानं पाहिलं आणि विचारलं, "ऑपरेशन लगेच करावं का हो थोडं थांबावं? तुम्हाला काय वाटतं?"

मला पुष्कळ वाटत होतं. मी तिला डॉक्टरांचं दार दाखवलं आणि तिचा नंबर येईपर्यंत तिची पिशवी सांभाळली.